मेदाच्या वाटेवर : रोजनिशीतील काही पानं

९ जानेवारी, शुक्रवार

पहिल्या वर्षाच्या ‘बी’ बॅचला आज हेज् टेस्ट दाखवली. दोन टेस्टट्यूब, दोन्हींत गार झालेली लघवी, एकीत पित्तक्षार मिसळलेले. वरून चिमूटभर गंधकाची भुकटी. पहिल्या नळीत भुकटी वरच राहिली, टिचकी मारली तरी जागची हलेना. दुसरीत क्षणभर काहीच झालं नाही. मग कडेचे कण भिजले, एकेक पिवळी रेघ सोडत तळाशी गेले आणि पाठोपाठ सगळा थरच बसला. मागच्या बाकावरचे दोघे उठून पुढे आले, एवढं यश पुरे.

पित्तक्षारांनी पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, चाचणीत दिसतं ते इतकंच. पण कढई घासताना साबण जे करतो तेच हे क्षार जेवणातल्या तेलातुपाचं करतात, हे बुडणाऱ्या गंधकावरून पोरांच्या लवकर लक्षात येतं.

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं. ५ फेब्रुवारीला चार विभागांचं मिळून ‘मेदाचं पचन आणि शोषण’ असं इंटिग्रेटेड लेक्चर ठेवलंय. आतड्यातल्या जिवाणूंचा भाग माझ्याकडे. तो खरं तर मायक्रोचा, पण तिथल्या मॅडम हसून म्हणाल्या, “आम्ही रोग करणारे शिकवतो. हे पाळीव तुम्हीच सांभाळा.” पाठ्यपुस्तकात या विषयाला जेमतेम दोन ओळी आहेत. वीस मिनिटं बोलायचंय.

१० जानेवारी, शनिवार

आधी पित्ताचा हिशेब मांडून घेतला.

यकृत कोलेस्टेरॉलपासून दोन मुख्य पित्ताम्लं बनवतं, कोलिक आणि किनोडिऑक्सिकोलिक. बाहेर सोडण्याआधी प्रत्येकाला ग्लायसीन किंवा टॉरीन जोडतं. हे जोडकाम महत्त्वाचं. त्यामुळे लहान आतड्यातल्या किंचित आम्ल वातावरणातही पित्तक्षार विरघळलेले राहतात, आतड्याच्या भिंतीतून वेळेआधी निसटत नाहीत आणि मेदाच्या पचनाला पुरेशा दाटीने हजर असतात. काम झालं की लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्यांतले सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. शरीरातला एकूण साठा दोन-चार ग्रॅमचाच, पण तो दिवसातून अनेकदा फिरतो. रोज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शौचावाटे जातो, तेवढा यकृत नव्याने भरून काढतं.

जिवाणूंचं काम ठळक होतं ते मुख्यतः या वाटेच्या शेवटी. त्यांच्याकडे एक विकर आहे, बाइल सॉल्ट हायड्रोलेज. ते जोडलेलं ग्लायसीन किंवा टॉरीन कापून टाकतं. नंतर क्लोस्ट्रिडियम सिंडेन्ससारख्या मोजक्याच जाती उरलेल्या रेणूवरचा एक हायड्रॉक्सिल गट काढतात. कोलिकचं डिऑक्सिकोलिक होतं, किनोडिऑक्सिकोलिकचं लिथोकोलिक. यकृत ही दोन बनवत नाही, ती जिवाणूंचीच निर्मिती. त्यांतलं डिऑक्सिकोलिक बऱ्यापैकी परत शोषलं जाऊन आपल्या पित्तात मिसळतं. म्हणजे पित्ताशयात साठलेल्या द्रवाचा काही भाग जिवाणूंच्या हातून गेलेला असतो.

पित्ताम्लांच्या रचनेवर काम करणाऱ्या हाइनरिख वीलँडना १९२७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पित्ताम्लं निरोप्याचंही काम करतात, एफएक्सआर नावाच्या ग्राहीला चिकटून यकृताला ‘आता पुरे’ असं कळवतात, हे कळायला मात्र १९९९ साल उजाडावं लागलं. कोणतं पित्ताम्ल चिकटणार हे पुष्कळदा जिवाणूंनी काय कापलंय त्यावर ठरतं.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

सिद्धेश्वरांच्या यात्रेचा अक्षता सोहळा, त्यामुळे निम्मे रस्ते बंद. कॉलेजातून घरी यायला रोजच्या दुप्पट वेळ. घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. सासूबाईंनी लोणी वाढताना माझ्याकडे बघितलं, मी ताट मागे घेतलं नाही.

जेवताना डोक्यात लेक्चरच. लोण्यातला आणि तिळातला मेद पोटात आधी घुसळला जातो, मग लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस एकदम भेटतात. लायपेज मेदाचे तुकडे करतं, पित्तक्षार त्या तुकड्यांना सूक्ष्म गोळ्यांत धरून भिंतीपर्यंत नेतात, भिंतीतल्या पेशी तुकडे पुन्हा जोडतात, त्यावर प्रथिनाचं आवरण चढवतात आणि तयार झालेले कायलोमायक्रॉन लसीकावाहिन्यांत सोडतात. रक्तात नव्हे. या पांढऱ्या वाहिन्या इटलीच्या गास्पारे आझेल्ली यांना २३ जुलै १६२२ ला दिसल्या, त्याही नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात. उपाशी कुत्र्यात त्या सापडेनात.

पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी क्लोद बेर्नार यांनी ससा निवडला. सशात स्वादुपिंडाची नळी पित्तनळीच्या बरीच खाली आतड्यात उघडते. त्यांनी पाहिलं की वाहिन्या पांढऱ्या दिसतात त्या दुसऱ्या नळीच्या पुढे, पहिलीच्या नाही. नुसत्या पित्ताने भागत नाही, स्वादुपिंडाचा रस लागतोच, हा निष्कर्ष त्यांनी कुठे काय घडतंय एवढं बघून काढला. लेक्चरमध्ये हा ससा ठेवायचा.

१५ जानेवारी, गुरुवार, किंक्रांत

सेंट्रल लॅबमध्ये गेले होते. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळ्यांत चार-पाच नमुने लायपेमिक. खाली लाल थर, वर पिवळसर पारदर्शक सीरम दिसायचं तिथे दुधाळ पांढरं. मागे छापील कागद धरला तर अक्षरं दिसेनात. टेक्निशियन वैतागलेला, “मॅडम, उपाशीपोटी या म्हणून चिठ्ठीवर लिहिलंय, तरी शेंगापोळी खाऊनच येतात.” त्या पांढऱ्या ढगात रात्रीच्या किंवा सकाळच्या पोळीतलं तूप आणि दाण्यांचं तेल होतं, कायलोमायक्रॉनच्या रूपात. एक नळी मागून घेतली आणि फोटो काढला.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल हळदीकुंकवाला जाऊबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की तुपात ब्युटिरेट असतं, तेच आतड्यातले चांगले जिवाणू बनवतात, म्हणून सकाळी अनशापोटी दोन चमचे तूप. मान्यवर डॉक्टरांच्या व्हिडिओत ऐकलेलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिळगूळ खात होते.

आज शांतपणे गणित केलं. दुधाच्या मेदात ब्युटिरिक आम्ल वजनाने तीन-चार टक्के. पाच ग्रॅमचा एक चमचा तूप म्हणजे फार तर ०.२ ग्रॅम. उलट, मोठ्या आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून दिवसाला साधारण ४०० ते ६०० मिलिमोल लघुशृंखला मेदाम्लं बनवतात असा अंदाज आहे. त्यात ब्युटिरेटचा वाटा पंधरा-वीस टक्के धरला तरी ते पाच ते दहा ग्रॅम होतं. शिवाय तुपातलं ब्युटिरिक आम्ल जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच सुटतं, तिथेच शोषलं जाऊन थेट यकृताकडे जातं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी ज्या ब्युटिरेटवर जगतात ते त्यांच्या शेजारीच, चोथ्यापासून बनलेलं असावं लागतं.

जाऊबाईंना फोनवर एवढंच म्हटलं, “तूप वरणभातावर घ्या, छान लागतं. आतड्यासाठी ज्वारीची भाकरी आहेच की.” त्या म्हणाल्या, “म्हणजे दोन्ही घ्यायचं.” बरोबरच आहे.

१८ जानेवारी, रविवार

दिवसभर उंदीर.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत फ्रेड्रिक बेकहेड यांनी २००४ मध्ये केलेलं काम. उंदीर जन्मापासून प्लास्टिकच्या बंदिस्त पेट्यांत वाढवलेले. हवा गाळलेली, खाद्य-पाणी निर्जंतुक, पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांतून सगळी कामं. अशा उंदरांच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. त्यांना साध्या उंदराच्या आतड्यातले जिवाणू दिले. १४ दिवसांत अंगावरची चरबी ६० टक्क्यांनी वाढली, आणि खाणं तर आधीपेक्षा कमी झालं होतं.

हे ऐकलं की लोक म्हणतात, जिवाणूंनी चोथ्यातून जादा ऊर्जा काढली. तेही आहे, पण त्या शोधनिबंधात दुसरी गोष्ट अधिक रोचक आहे. आतड्याची भिंत एक प्रथिन बनवते, ते चरबीच्या पेशींपाशी मेद उतरवून घेणाऱ्या विकराला अडवतं. जिवाणू आले की भिंत ते प्रथिन कमी बनवते. अडसर दूर होतो आणि मेद साठतो.

मग शिकागो. युजीन चँग यांच्या गटाने २०१८ मध्ये लहान आतड्याकडे लक्ष दिलं. जिवाणूविरहित उंदरांना मेदयुक्त खाद्य दिलं तर ते जाड झाले नाहीत, त्यांच्या लेंड्यांतून जास्त मेद बाहेर पडला. मेदयुक्त खाद्यावरच्या उंदरांच्या लहान आतड्यातले जिवाणू दुसऱ्या जिवाणूविरहित उंदरांना दिले, तर ते कमी मेदाच्या खाद्यावर असूनही त्यांचं आतडं मेद अधिक शोषू लागलं.

झेब्राफिशवरचं २०१२ चं काम याआधीचं. या माशाची पिल्लं पारदर्शक असतात. मेदाम्लाला चमकणारा रंग जोडून खाऊ घातलं की आतड्याच्या पेशीत जमणारे थेंब जिवंत माशात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जिवाणू असलेल्या पिल्लांत थेंब जास्त. कुठले जिवाणू थेंबांची संख्या वाढवतात, कुठले आकार, हेही वेगळं काढता आलं.

पण २०१० मधल्या एका प्रयोगात वेगळ्या घटकांच्या मेदयुक्त खाद्यावर जिवाणूविरहित उंदीर चांगलेच जाड झाले. खाद्य बदललं, निकाल बदलला. स्लाइडवर हे लहान अक्षरांत टाकायचं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

मोहोळकडे पोल्ट्री असलेले नाना आज दवाखान्याच्या कामाला आले होते, चहाला थांबले. त्यांना सहज विचारलं, ब्रॉयलरच्या पिल्लाला खाद्यात चरबी किती देता.

“पहिले आठ-दहा दिवस बेतानंच. प्राण्याची चरबी तर नकोच, तेल परवडतं. पिल्लाला चरबी झेपत नाही, बूड चिकट होतं. नंतर वाढवायची.”

नाना सांगत होते ते पाठ्यपुस्तकातलंच आहे. लहान पिल्लाकडे पित्त आणि लायपेज कमी, त्यामुळे घट्ट चरबी विशेष जड जाते. पण त्याच्या पुढची गोष्ट आज रात्री वाचली. कोंबडीच्या लहान आतड्यात जिवाणू बऱ्यापैकी असतात आणि ते पित्तक्षार वरच, काम व्हायच्या आधी कापतात. जिवाणूविरहित वाढवलेल्या पिल्लांनी मेद अधिक चांगला शोषला, असे जुने प्रयोग आहेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांनी पाहिलं की ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा खाद्यात घातला की पिल्लं झपाट्याने वाढतात. ते खरं तर बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. पुढे जगभर कोंबडीच्या खाद्यात थोडंथोडं प्रतिजैविक घालायची चाल पडली. पित्तक्षार कापणाऱ्या विकराला त्यामुळे आळा बसतो, हे वाढीमागचं एक कारण मानलं जातं. त्या चालीने औषधांना न जुमानणारे जिवाणू पोसले गेले. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविकं घालायला बंदी केली.

तर आता असं, उंदराला जिवाणू मेद शोषायला मदत करतात आणि कोंबडीला आडवे येतात. पोरं विचारणार, खरं काय.

२२ जानेवारी, गुरुवार

उत्तर शल्यविभागात सापडलं.

सरांनी त्यांच्या भागासाठी निवडलेला रुग्ण दाखवला. सत्तरीकडे झुकलेले आजोबा. पूर्वी अल्सरसाठी जठर आणि लहान आतडं जोडण्याची शस्त्रक्रिया झालेली, तेव्हा ती पुष्कळांची व्हायची. वर्षभरात वजन उतरलं, पायाला मुंग्या. शौचाचं विचारलं तर आधी संकोचले, मग आजीच म्हणाल्या, “भांड्याला चिकटतं, बादलीभर पाणी ओतलं तरी जात नाही. तेलकट तवंग येतो.” बी-१२ खूप कमी, फोलेट मात्र भरपूर.

सरांनी नमुना आमच्याकडे पाठवला होता. स्लाइडवर मोहरीएवढा मळ, अल्कोहोलचा थेंब, सुदान थ्री. वर काचपट्टी. लो पॉवरखालीच नारिंगी गोळे दिसले, लहानमोठे, गोल, कडा स्वच्छ. हाय पॉवर लावलं तर एका दृष्टिक्षेत्रात मोजायचा कंटाळा येईल इतके. मग दुसऱ्या स्लाइडवर ॲसेटिक आम्ल घालून गरम केलं, गोळे आणखी वाढले. ही मेदाम्लं, म्हणजे लायपेजने आपलं काम केलं होतं. मेद फुटला होता, पण भिंतीपर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं.

जोडणीमुळे आतड्याचा एक भाग मुख्य रस्त्यातून बाजूला पडतो, तिथे अन्नरस साचतो आणि जिवाणू वाढतात. निरोगी माणसाच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात एका मिलिलिटरमध्ये हजार ते दहा हजारच्या आसपास जिवाणू असतात, मोठ्या आतड्यात ग्रॅममागे शंभर अब्ज. खालची वस्ती वर चढली की पित्तक्षार वरच कापले जातात, सुटी झालेली पित्ताम्लं तिथेच शोषली जातात किंवा साका होऊन खाली बसतात, आणि मेद तसाच पुढे जातो. बी-१२ जिवाणू खाऊन टाकतात. फोलेट ते स्वतः बनवतात, म्हणून ते भरपूर.

जे विकर मोठ्या आतड्यात रोज बिनबोभाट काम करतं, तेच आठ-दहा फूट वर आल्यावर माणूस खंगतो. उपाय अर्थातच प्रतिजैविकांचा. सरांनी आज सुरू केलं, बी-१२ ची इंजेक्शनंही.

स्प्रू या आजाराचं नाव सरांनीच काढलं. दुसऱ्या महायुद्धात भारत-ब्रह्मदेश आघाडीवरचे सैनिक याच चिकट जुलाबांनी वाळले होते. नंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी दक्षिण भारतातल्या खेड्यांत त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथेही टेट्रासायक्लिन आणि फॉलिक आम्लाने गुण यायचा.

२३ जानेवारी, शुक्रवार

रात्री साडेअकरा. उंदीर, कोंबडी आणि आजोबा एका कागदावर मांडले.

तिन्हींत जिवाणू खुद्द तुपाला फारसा हातच लावत नाही. मेद फोडायचं काम आमचं लायपेज करतं. जिवाणू हात लावतो तो आमच्या साधनांना. एक, पित्तक्षार. दोन, मेद उचलणारी भिंत. पित्तक्षार वरच कापले की शोषण घटतं. भिंतीला इशारा मिळाला की वाढतं. कुठला परिणाम जोरात हे जिवाणू कुठे बसलेत, किती आहेत आणि प्राणी कुठला यावर ठरतं. उंदराच्या प्रयोगात भिंतीची बाजू जड, कोंबडीत आणि आजोबांत पित्ताची.

वीस मिनिटांत एवढंच सांगायचं. बाकी सगळं उदाहरणादाखल.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन आटोपून बार्शी रस्त्याला नणंदेच्या शेतावर हुरडा. आगटीत गोवऱ्यांचा जाळ, गुळभेंडीची कणसं, चोळून ताटात. सोबत शेंगाचटणी. ती उखळात कांडलेली, कडेला तेल सुटलेलं.

चटणीचं तेल बघून १९८० मधला एक प्रयोग आठवला. माणसांना अख्खे शेंगदाणे, दाण्याचं लोणी आणि दाण्याचं तेल असं आलटूनपालटून खायला देऊन शौचातला मेद मोजला होता. अख्ख्या दाण्यांवर तो सर्वांत जास्त. चावून न फुटलेल्या पेशींत तेल कोंडून राहतं आणि लहान आतड्यातून तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यात जिवाणू त्या पेशीभित्ती आंबवतात, तेव्हा काही तेल सुटतं, पण तोवर पित्तक्षार परत गेलेले, तिथली भिंत असा मेद उचलण्यासाठी नाही. म्हणजे चटणी कांडणाऱ्या आजीबाईंनी उखळात जे केलं ते जिवाणूंनी चुकीच्या टप्प्यावर केलं. हा मुद्दा माझ्या कागदावर अगदी बसतो.

हुरड्यातला चोथा मात्र त्यांचं हक्काचं खाणं. पुण्याच्या एनसीसीएसमधल्या योगेश शौचे यांच्या गटाला २०१६ च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा गट भरपूर आढळला. धान्य-कडधान्य खाणाऱ्यांत तो सहसा जास्त असतो.

उलट टोकाला चँग यांच्याच गटाचं २०१२ चं काम. उंदरांना दुधाचा मेद भरपूर दिला तर यकृत टॉरीन जोडलेलं पित्त अधिक सोडतं, आणि त्यातल्या गंधकावर बिलोफिला वॉड्सवर्थिया नावाचा एरवी दुर्मीळ जिवाणू माजतो. आतड्याचा दाह होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांत त्याने दाह वाढला. डुकराच्या चरबीने किंवा करडई तेलाने तसं झालं नाही. २०१४ मध्ये माणसांना पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज दिलं तेव्हाही बिलोफिला वाढला. घरी हे बोलले नाही. लोण्याचा गोळा समोर होता आणि प्रयोग उंदरांच्या विशिष्ट जातीचा.

२९ जानेवारी, गुरुवार

कँटीनच्या दारात रात्रपाळीचे दोन रेसिडेंट, पहाटे दोनला वडापाव खाल्ल्याचं सांगत होते. “वेळेनं काय फरक पडतो मॅडम, कॅलरी त्याच.”

पडतो, निदान उंदरात. टेक्सासमधल्या यूटी साउथवेस्टर्नच्या लोरा हूपर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की आतड्याच्या भिंतीतल्या पेशींत एनएफआयएल-३ नावाचं प्रथिन दिवसरात्रीच्या तालावर कमीजास्त होतं आणि मेद उचलण्याच्या यंत्रणेला चालना देतं. हा ताल जोरकस ठेवायला जिवाणू लागतात. भिंतीखालच्या रोगप्रतिकार पेशींमार्फत त्यांचा इशारा तिथवर पोचतो. ते प्रथिन भिंतीतून काढून टाकलेले उंदीर मेदयुक्त खाद्यावरही सडपातळ राहिले.

रेसिडेंटना एवढं सांगत बसले नाही. त्यांना झोपायचं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

शेजारचे काका जाडजूड अहवाल घेऊन आले. मळाचा नमुना कुरिअरने पाठवला होता. आत रंगीत वर्तुळं, ‘लठ्ठपणाशी निगडित’ जिवाणूंची यादी, शेवटच्या पानावर कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स.

काका निवृत्त इंजिनिअर, त्यांना कारण पटवून द्यावं लागतं. म्हटलं, हा नमुना मोठ्या आतड्याच्या टोकाचा आहे. मेद शोषला जातो तो त्याच्या कितीतरी आधी, लहान आतड्याच्या वरच्या भागात. तिथे कोण बसलंय ते यात कळत नाही. शिवाय उंदराला जे झालं ते माणसाला होईलच असं नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टला लठ्ठ पुरुषांना सात दिवस तगडी प्रतिजैविकं देऊन पाहिलं. व्हँकोमायसिनने जिवाणूंची घडी पार विस्कटली, पित्ताम्लंही बदलली, पण मेदाच्या वापरात किंवा इन्सुलिनच्या परिणामात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

“म्हणजे पैसे वाया?”

“कोर्सचे अजून गेले नाहीत ना?”

नव्हते गेले. काका चहा घेऊन गेले, अहवाल विसरून. उद्या द्यायचा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजोबा तपासणीला आले होते. शौच आता एका बादलीत जातं, हे आजींनी स्वतःहून सांगितलं. पुन्हा स्लाइड केली, नारिंगी गोळे तुरळक. सर म्हणाले, जोडणी आहे तशीच आहे, जिवाणू परत चढणार, मधूनमधून कोर्स द्यावा लागेल. लेक्चरला दोन्ही स्लाइडचे फोटो शेजारी शेजारी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेक्चर झालं. शरीरक्रियाच्या सरांनी बेर्नार यांचा ससा माझ्या आधीच सांगून टाकला, बरं झालं, वेळ वाचला.

शेवटी फळ्यावर चार नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर शौचातला मेद वाढेल की घटेल ते लिहायला सांगितलं. रोज शंभर ग्रॅम मेद खाणाऱ्या निरोगी माणसाच्या शौचात सात ग्रॅमपर्यंत मेद चालतो, एवढाच आधार दिला.

ऑर्लिस्टॅट घेणारा माणूस. सगळ्यांचं बरोबर, लायपेज बंद म्हणजे मेद बाहेर. हे औषध स्ट्रेप्टोमायसिस टॉक्सिट्रिसिनी या मातीतल्या जिवाणूच्या पदार्थापासून घडवलंय हे सांगितल्यावर मायक्रोच्या मॅडमनी मागून हात वर केला, “हा आमचा.”

आजोबांसारखा रुग्ण, उपचारांआधी. बहुतेकांचं बरोबर, फोटो पाहिलेले.

मेदयुक्त खाद्यावरचा जिवाणूविरहित उंदीर. बहुतेकांनी ‘वाढेल’ लिहिलं, शिकागोचा प्रयोग ताजा होता. एका मुलीने खाली लिहिलं होतं, ‘खाद्य कोणतं?’ तिला पैकीच्या पैकी.

जिवाणूविरहित कोंबडीचं पिल्लू. इथे वर्ग घसरला. उंदरात वाढतो तर इथेही वाढेल, असं निम्म्याहून जास्त जणांनी धरलं. ‘जिवाणू मेद शोषायला मदत करतात’ हे वाक्य डोक्यात बसून गेलं होतं, आणि ते बसवलं मीच सांगितलेल्या क्रमाने. पित्तक्षार कुठे कापले जातात ते विचारल्यावर दोघातिघांनी आपापली उत्तरं खोडली.

पुढच्या वर्षी उंदराच्या आधी कोंबडी घ्यायची. जमलं तर नानांनाच बोलवायचं.